ट्रायकोकार्ड लावूनही उसात कांडीकीड: कार्डात दोष, तारखेत की लावण्यात?

कृष्णाकाठ

आडसाली ऊस, वाण को ८६०३२, मोठी बांधणी झालेली. कांडीकिडीसाठी एकरी एक ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी मारणारी ट्रायकोग्रामा माशी ज्यांतून निघते ती अंडी चिकटवलेला कागद, आठ-दहा पट्ट्या करून पानांना टाचलेले आहे. तरी कांड्यांवर भोके आणि भुसा दिसतोच. शेजारचे म्हणतात कार्ड म्हणजे नुसता रंगीत कागद, दाणेदार औषध टाका आणि मोकळे व्हा. औषधाकडे वळायच्या आधी नीट समजून घ्यायचे आहे.

१. कार्डावरची अंडी काळी असतात. काळी म्हणजे चांगली की सडलेली? जिवंत आहेत हे घरी कसे ओळखायचे?
२. एकरी एक पुरते का? पट्ट्या किती कराव्यात?
३. कार्ड फ्रीजमध्ये किती दिवस टिकते?
४. एकदा सोडल्यावर ही माशी शेतात आपोआप वाढत का नाही? दर वेळी नवे कार्ड कशाला?
५. बांधावर मधमाश्यांच्या पेट्या आहेत. त्यांना धोका?

---

भिंगवाला

आधी प्राणी कोणता ते पाहू, म्हणजे निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच सापडतील.

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण अंगाने अर्धा मिलिमीटर. दहा पट भिंगातून पाहिली तर पिवळट-तपकिरी ठिपका आणि दोन लालभडक डोळे. नराच्या मिशांवर लांब केस, मादीच्या मिशा टोकाला जाड आणि जवळपास बिनकेसांच्या. नर-मादी ओळखायची हीच खूण. नांगी माणसाला टोचण्याजोगी नाहीच. ती अंडे घालायची सुई आहे. मधमाशीशी तिचा संबंध येत नाही. तिला लागतात उघड्यावर घातलेली अंडी, तीही मुख्यतः पतंगांची. पेट्यांची काळजी सोडा, पाचव्या प्रश्नाचा निकाल लागला.

मादी पतंगाच्या अंड्यावर चढते, मिशांनी ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते आणि त्या चालण्यावरून अंड्याचा आकार जोखते. अंडे मोठे असेल तर आत दोन-तीन अंडी घालते, छोटे असेल तर एकच. कार्डावर असतात ती कॉर्सायरा या पतंगाची अंडी छोटी, म्हणूनच त्यांतून बहुधा एकच माशी निघते. चीनमध्ये रेशीमपतंगाची मोठी अंडी वापरतात, त्या एकेका अंड्यातून कितीतरी माश्या निघतात.

आत घातलेले अंडे साधारण दिवसभरात उबते. अळी पतंगाच्या अंड्यातला बलक खाते. तिसऱ्या अवस्थेत गेली की काळे कण सोडते आणि ते कवचाला आतून चिकटतात. काळा रंग येतो तो इथून. माशीने आत अंडे घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडे काळे पडते, आत कोष होतो आणि २५ ते २८ अंश तापमानाला आठव्या ते दहाव्या दिवशी माशी कवचाला गोल भोक पाडून बाहेर येते. म्हणजे काळे अंडे हेच चांगले अंडे. पांढरट-पिवळे आणि चिमटलेले राहिले तर त्यात माशी नाही.

नर आधी निघतात आणि कार्डावरच थांबतात. मादी बाहेर आली की तिथेच मीलन. फळलेल्या अंड्यातून मादी, न फळलेल्यातून नर, असा या साऱ्या कुळाचा हिशेब आहे. काही जातींच्या वाणांत मात्र नर नसतातच. पेशीत राहणारा वोल्बाकिया नावाचा जिवाणू न फळलेल्या अंड्यातूनही मादीच घडवतो. १९९० मध्ये असे दाखवले गेले की अशा माद्यांना प्रतिजैविक दिले तर पुढच्या पिढीत पुन्हा नर जन्मतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने नर बिनकामाचा, अंडी मारते ती मादी. कार्डाचा भाव काढताना माद्याच मोजायच्या.

जाता जाता एक. याच कुळातल्या मेगाफ्रॅग्मा नावाच्या माशीची लांबी जेमतेम ०.२ मिमी. तिच्या मज्जासंस्थेत सुमारे ७,४०० पेशी, आणि प्रौढ होता होता त्यातल्या बहुतेकींचे केंद्रक गायब होते. अलेक्सेई पोलिलोव्ह या रशियन कीटकशास्त्रज्ञाने हे दाखवले. बिनकेंद्रकाच्या मेंदूने ती उडते, यजमान शोधते, अंडी घालते. ट्रायकोग्रामा तिच्यापुढे धिप्पाड.

---

कॉर्सायरा_खोली

कार्डाची प्रत ओळखायची तर कार्ड कसे बनते ते ठाऊक असावे.

प्रयोगशाळेत उसाच्या किडीची अंडी वापरत नाहीत, तांदळावरच्या पतंगाची, म्हणजे कॉर्सायराची वापरतात. एका पेटीला अडीच किलो भरडलेली ज्वारी किंवा बाजरी. दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत इतकीच भरड, पीठ नको. भरड तापवून निर्जंतुक करायची, गार झाली की १०० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, ५ ग्रॅम यीस्ट, ५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक आणि चिमूटभर स्ट्रेप्टोमायसीन. वर अर्धा सीसी कॉर्सायराची अंडी पसरायची. साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात आणि पुढे दोनेक महिने निघत राहतात. रोज सकाळी ते पकडून जाळीच्या तळाच्या डब्यात सोडायचे. अंडी जाळीतून खाली ट्रेमध्ये पडतात, ती चाळून खवले आणि पाय-पंख वेगळे करायचे. हे काम तोंडाला मास्क बांधूनच. पतंगाचे खवले छातीत जातात आणि वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना दम्यासारखा त्रास होतो.

स्वच्छ अंडी डिंक लावलेल्या कार्डावर चाळणीने एकसारखी, एकाच थरात पसरतात. एक सीसीत १६ ते २० हजार अंडी बसतात, पूर्ण कार्ड म्हणजे तेवढे. मग १५ वॅटच्या अतिनील दिव्याखाली वीतभर अंतरावर अर्धा-पाऊण तास. यात अंड्यातला गर्भ मरतो, पण बलक शाबूत राहतो. ही पायरी कोणी चुकवली तर न लागलेल्या, म्हणजे माशीने आत अंडे न घातलेल्या, अंड्यांतून कॉर्सायराच्या अळ्या निघतात आणि शेजारची काळी अंडी खाऊन टाकतात. कार्डावर बारीक जाळे दिसले तर समजा दिवा नीट लागलेला नाही.

त्यानंतर माश्या निघायच्या बेतातले एक मूळ कार्ड आणि ताजी सहा कार्डे, असे एकास सहा प्रमाण ठेवून पिशवीत एक-दोन दिवस बंद करतात. मूळ कार्ड जास्त घातले तर एकाच अंड्यात दोन-दोन, तीन-तीन माद्या अंडी घालतात. मग निघणाऱ्या माश्या खुरट्या, पंख न उलगडलेल्या, वर नरांचा भरणा. दिसायला कार्ड शंभर टक्के काळे, शेतात काम शून्य.

आता घरची तपासणी. कार्डाच्या कडेची बोटाच्या पेराएवढी पट्टी कापा. भिंगाखाली शंभर अंडी मोजा आणि त्यात काळी किती ते पाहा. ९० च्या आसपास हवीत, ८० च्या खाली असतील तर कार्ड परत करा. मग ती पट्टी काचेच्या उभ्या बाटलीत टाका, तोंडाला दाट विणीचे कापड रबराने बांधा. मलमल चालणार नाही, तिच्या विणीतून माश्या आरामात निघून जातात. बाटली सावलीत ठेवा. माश्या निघाल्या की उजेडाच्या बाजूला धावतात, काचेवर चढतात आणि उड्या मारतात. तळाशीच घुटमळत असतील, पंख चुरगळलेले असतील तर माल कमकुवत. दोन दिवसांनी पुन्हा भिंग घ्या. भोक असलेली काळी अंडी किती, बिनभोकाची काळी किती? बिनभोकाची जास्त असतील तर कार्ड थंडीत फार दिवस पडून होते किंवा वाटेत तापले.

फ्रीज. काळे पडलेले कार्ड १० अंशाला आठ-दहा दिवस सुखरूप राहते, त्यापुढे निघण्याचे प्रमाण आणि माद्यांची अंडी घालण्याची ताकद दोन्ही घटतात. घरच्या फ्रीजमध्ये खालच्या भाजीच्या खणातच ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. काळे न पडलेले कार्ड फ्रीजमध्ये टाकूच नका, आतली कोवळी अळी थंडीत टिकत नाही. प्रवासात थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि कार्ड यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी हवी. बंद गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवलेले कार्ड तासाभरात संपते.

कार्डाच्या मागे माशी निघण्याची तारीख लिहिलेली असते. ती नसेल तर घेऊ नका.

---

शिवारफेरी

मालाचे वर आले. आता शेत.

कृष्णाकाठ दादा, भोके आणि भुसा पाहून कार्डाचा निकाल लावता येत नाही. आज जे भोक दिसते त्याचे अंडे काही आठवड्यांपूर्वी घातलेले असते. कांडीकिडीची अळी अंड्यातून निघाली की आधी कोवळ्या पानात, देठात खाते, मग कांडीत शिरते. ट्रायकोग्रामा फक्त अंडे मारते. कांडीतल्या अळीला ती हातही लावू शकत नाही. आज लावलेल्या कार्डाचा गुण पुढच्या महिन्यात बनणाऱ्या कांड्यांवर दिसतो. म्हणून वरून चौथ्या-पाचव्या कांडीपर्यंतच नवी भोके मोजा आणि दर पंधरवड्याला त्याच ओळीतले तेवढेच ऊस तपासा.

त्याहून चांगले मोजमाप म्हणजे अंडीच. कांडीकिडीची अंडी पानावर ओळीत, एकमेकांवर चढलेली, चपटी, माशाच्या खवल्यासारखी असतात. ताजी पांढरट. लागलेली काळीकुट्ट. माशी निघून गेल्यावरही कवच काळेच राहते आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे गोल भोक दिसते. अळी निघून गेलेले कवच मात्र पारदर्शक आणि फाटलेल्या तोंडाचे. जागाच फक्त उरली असेल, कवच नसेल, तर ते मुंगीचे किंवा कोळ्याचे काम. दहा ठिकाणचे पुंजके पाहून काळे किती ते लिहून ठेवले की शेजाऱ्याशी वाद घालायला आकडा हाती येतो.

मात्रेचे गणित. उसाला शिफारस हेक्टरी ५०,००० अंड्यांची, म्हणजे एकरी २०,००० अर्थात एक कार्ड. मात्रा तुमची बरोबर आहे. पण २०,००० अंड्यांत ९० टक्के काळी धरली तर १८,०००. त्यातून ९० टक्के निघाल्या तर १६,२००. त्यात ६० टक्के माद्या, म्हणजे ९,७०० च्या आसपास. एकराला एवढेच सैन्य. आणि ही माशी उडण्यापेक्षा चालते जास्त. वाऱ्याने लांब जाईल, पण शोध घेते ती काही मीटरच्या आत. एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यात आठ पट्ट्या लावल्या तर एका पट्टीच्या वाट्याला ५०० चौरस मीटर येतात, दोन पट्ट्यांत बावीस मीटरचे अंतर. मधला ऊस मोकळाच राहतो. चाळीस तुकडे करा, दहा-दहा मीटरवर एक. कार्डाच्या छिद्ररेषांवर वीस पट्ट्या होतात, त्या पुन्हा निम्म्या. कात्रीने कापताना अंड्यांच्या बाजूला बोट लावू नका, अंडी घासून गळतात. तुमची खरी गळती इथे आहे असे मला वाटते.

लावायची वेळ: माशी निघायच्या आदल्या संध्याकाळी, किंवा निघायच्या दिवशी अगदी सकाळी. बहुतेक माश्या सकाळच्या पहिल्या प्रहरात निघतात. पट्टी पानाच्या खालच्या बाजूला, अंडी जमिनीकडे तोंड करून, वरून तिसऱ्या-चौथ्या पानाला स्टेपलरने टाचा. पिन अंड्यांच्या भागातून नको, रिकाम्या कडेतून. तीन-चार दिवस आधी लावून ठेवले तर मुंग्या कार्ड साफ करतात. ज्या उसाची पाने जमिनीला किंवा बांधाच्या गवताला टेकली आहेत तिथे टाचू नका, मुंग्यांना तोच पूल. वरच्या पानालाच टाचा आणि पाचट लोंबत असेल तर ते आधी ओढून घ्या.

माश्या पिशवीतच निघाल्या तर कार्ड फेकू नका. पिशवीचे तोंड उघडून ओळीतून संथ चालत जा, दर दहा पावलांना पिशवी पानाला टेकवा. फक्त हे उन्हाच्या आत करायचे.

अंतर दहा दिवसांचे ठेवा. चौथ्या महिन्यापासून सुरू करून सहा वेळा. पाचव्या आणि सातव्या महिन्यात खालचे वाळलेले पाचट काढून सरीत पसरा, पतंगांना दडायला जागा उरत नाही.

आता तुमचा चौथा प्रश्न. माशी चारा नसेल तर दोन-तीन दिवस जगते, मध मिळाला तर आठवडाभर. अंडी बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच घालते. तिची पिल्ले आठ-नऊ दिवसांनी बाहेर येतात. तोवर पतंगांनी घातलेल्या अंड्यांना वाली कोण? शिवाय तिला कोवळे अंडे हवे, एक-दोन दिवसांचे. आतल्या अळीचे डोके तयार झाले की ते अंडे ती सोडून देते. कांडीकिडीचे अंडे पाच-सहा दिवसांत उबते, म्हणजे कामाची संधी दोन-तीन दिवसांची. आठवडा चुकला तर एक अख्खी खेप अळ्या होऊन कांडीत. शेतात ती वाढते, पण किडीच्या मागून. आपल्याला ती किडीच्या आधी हवी असते.

---

वऱ्हाडी_पऱ्हाटी

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीलाही हेच कार्ड चालते का? विकणारा म्हणतो, एकच कार्ड सगळ्या पिकांना.

---

शिवारफेरी

नाही भाऊ. कार्डावर ट्रायकोग्रामाची कोणती जात आहे ते विचारून घ्या. उसाला आणि टोमॅटोला चिलोनिस, भाताला जपोनिकम. गुलाबी बोंडअळीवर चिलोनिसपेक्षा ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री सरस. ती ट्रायकोग्रामाची सख्खी चुलत बहीण. मात्रा हेक्टरी दीड लाख, म्हणजे एकरी तीन कार्डे, दर आठवड्याला.

पऱ्हाटीत वेळेचा पेच आणखी घट्ट आहे. सुरुवातीला पतंग पात्यांवर आणि फुलांजवळ उघडी अंडी घालतो, तिथे माशी पोचते. बोंडे लागली की तीच अंडी बोंडाच्या खालच्या पाकळीसारख्या आवरणात, आतल्या बाजूला जातात. तिथे ती सापडत नाहीत. म्हणून ४५ ते ५० दिवसांची पऱ्हाटी, पाते लागायला सुरुवात, कामगंध सापळ्यात पहिले पतंग दिसले, हीच कार्डाची वेळ. सापळ्यात सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले म्हणजे पातळी ओलांडली. तिथे फवारणीचा विचार करा, कार्डावर विसंबू नका. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुले, दिसू लागल्यावर कार्ड घेणे म्हणजे पैसे बुडवणे.

---

भिंगवाला

भर घालतो. पीक कोणते यावरही माशीचे यश ठरते, किडीवरच नाही. घाटेअळीची अंडी कपाशीवर असतील तर ट्रायकोग्रामा छान लावते. तीच अंडी हरभऱ्यावर असली तर जवळपास नाहीच. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, ज्याने सकाळी हात चिकचिकतो आणि झणझणतो, तिच्यावर एवढीशी माशी चालूच शकत नाही. तुरीवरही केसांमुळे तेच. हरभऱ्याला घाटेअळीसाठी कार्ड विकणारा माणूस तुमचा मित्र नव्हे.

मक्यावरच्या लष्करी अळीचा पुंजका तर किल्लाच असतो. अंडी थरांवर थर, वरून पतंगाच्या अंगाच्या केसांचे पांघरूण. ट्रायकोग्रामा वरच्या थरापर्यंत पोचते, खालची अंडी सुटतात. तिथे टेलेनोमस रेमस ही दुसऱ्या कुळातली माशी आत घुसून काम करते. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत तिच्यावर बरेच काम झाले आहे.

पतंगाची अंडी शोधायची माशीची युक्तीही पाहण्याजोगी. पतंगाच्या पंखांचे जे खवले अंड्यांजवळ गळतात, त्यांचा वास लागला की ती त्या जागेभोवती गोल गोल फिरत राहते. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या बाबतीत तिची एक युरोपीय जात त्याहून पुढे गेली. मीलन झालेल्या मादी फुलपाखराच्या अंगावर नराने सोडलेला वास ओळखायचा, तिच्यावर स्वार व्हायचे आणि तिने अंडी घातली की खाली उतरायचे. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

---

कृष्णाकाठ

बरेच उलगडले. आठ-दहा पट्ट्यांचा घोळ लक्षात आला. फवारणीचे राहिले. तांबेऱ्यासाठी बुरशीनाशक आणि अधूनमधून निंबोळी अर्क चालतो. दाणेदार औषधाचे काय?

---

शिवारफेरी

कीटकनाशक आणि कार्ड यांत पुढे-मागे आठ-दहा दिवस अंतर ठेवा. पायरेथ्रॉइड गटातली, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी 'थ्रिन' येते ती, आणि फॉस्फरसवाली औषधे माशीला सरळ मारतात, पानावरचा अंशही बरेच दिवस बाधतो. स्पिनोसॅड जैविक म्हणून लोक निर्धास्त मारतात, पण ट्रायकोग्रामाला ते घातकच. जिवाणूजन्य बीटी, विषाणूजन्य एनपीव्ही यांनी काही होत नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल त्यातल्या त्यात सौम्य. निंबोळी अर्क माशी निघायच्या आधी दोन दिवस किंवा निघून गेल्यावर तीन-चार दिवसांनी मारा, कार्डावर थेट पडू देऊ नका. बुरशीनाशकांत गंधक तेवढे टाळा.

दाणेदार औषध बुडात टाकल्याने वरच्या कांड्यांतल्या अळीवर या वयात फारसा परिणाम होत नाही. साडेचार-पाच महिन्यांच्या उसात ते खर्चाचेच काम.

---

कॉर्सायरा_खोली

गंधकाचे बरोबर. गंमत अशी की कोळी कीड (माइट) होऊ नये म्हणून कॉर्सायराच्या पेटीत आम्ही स्वतःच गंधक घालतो, कारण तिथे ट्रायकोग्रामा नसते. तीच पेटी उघडलेल्या हातांनी ट्रायकोग्रामाच्या खोलीत जायचे नाही, हात धुऊनच. आणखी एक पथ्य: ब्रॅकॉन नावाची मोठी माशी कॉर्सायराच्या खोलीत शिरली तर अळ्यांना नांगी मारून लुळे करते आणि महिन्याभरात पेट्या ओस पडतात. म्हणून दोन्ही खोल्या वेगळ्या, दाराला दुहेरी पडदा, टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

औषध सहन करणाऱ्या माशीचाही प्रयोग झालेला आहे. बंगळूरच्याच संस्थेने एंडोसल्फान पचवणारा चिलोनिसचा वाण निवडीने तयार केला होता, एंडोग्राम नावाचा. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवरच बंदी घातली. उष्णता सहन करणारे वाणही निघाले आहेत. सुरू हंगामाच्या उसात मार्च ते मे खोडकिडीसाठी कार्ड लावणाऱ्यांनी ते विचारून घ्यावेत. साधी माशी ३५ अंशांच्या वर गळपटते, अंडी कमी घालते. त्या दिवसांत पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्ड लावले तर सरीतल्या गारव्याचा आधार मिळतो.

आणि कारखान्यांच्या किंवा संस्थांच्या प्रयोगशाळेतून घ्याल तेव्हा विचारा, मूळ माशी शेतातल्या अंड्यांवरून शेवटची कधी ताजी केली. वर्षानुवर्षे कॉर्सायरावरच वाढवलेली माशी कार्डावर उत्तम चालते, शेतात उसाच्या किडीचे अंडे शोधायला आळशी होते. मधून मधून तिला खऱ्या किडीच्या अंड्यांवर फिरवावे लागते. जिथे हे होते ती माणसे याचे उत्तर लगेच देतात. जिथे होत नाही तिथे प्रश्नच कळत नाही.

---

खारपड

कोकणातल्या भातासाठी दोन ओळी, कारण इथे कार्ड वाहून जाते ही नेहमीची तक्रार. भाताच्या पिवळ्या खोडकिडीवर जपोनिकम, हेक्टरी एक लाख, म्हणजे एकरी दोन कार्डे. लावणीनंतर साधारण तीस दिवसांनी सुरू करून दर आठवड्याला पाच-सहा वेळा. पावसाची झड चालू असेल तर उघडीप मिळेपर्यंत कार्ड थंड ठेवा, पण आठवड्याच्या वर नाही. पट्टी पानाला टाचू नका, भाताचे पान वाऱ्यात पाण्याला टेकते. बांबूची काडी रोवा, तिच्या टोकाला कागदी पेला पालथा बांधा आणि पेल्याच्या आत पट्टी चिकटवा. पाऊस लागत नाही आणि माश्या खालच्या तोंडाने निघून जातात. पीक वाढेल तशी काडीवरची गाठ वर सरकवायची, पेला नेहमी पिकाच्या शेंड्याच्या जरा वर. काडीच्या मध्यावर ग्रीसचा बोटभर पट्टा ओढला की मुंग्या थांबतात.

खोडकिडीचा पुंजका पानाच्या टोकाकडे असतो, वर बदामी केसांचे आवरण. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून ते खोल पुरले तर पुष्कळशी अंडी तिथेच जातात. पळींज, म्हणजे दाणे न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या, दिसू लागल्यावर कार्ड लावून उपयोग नाही, तोवर अळी खोडात बसलेली असते.

---

कृष्णाकाठ

पालथ्या पेल्याची युक्ती उसात चालेल का? कोल्हे आणि रानडुकरे काड्या पाडतात.

---

खारपड

उसात काडीची गरजच नाही, पान पुरेसे ताठ असते. पेला हवाच असेल तर वरच्या पानाच्या देठाला सुतळीने बांधा. पण चाळीस तुकड्यांना चाळीस पेले बांधत बसण्यापेक्षा सरळ टाचा. पावसाळी ढग असतील त्याच आठवड्यात पेल्यांचा खटाटोप करा. आणि स्टेपलरच्या पिना दहा नंबरच्याच घ्या, मोठी पिन पान फाडते आणि पट्टी दुसऱ्या दिवशी सरीत पडलेली सापडते.